ग्रंथालयाची नवी शाखा आणि वस्तीचे वाचनालय

१

ग्रंथालयाच्या उद्घाटनाला आलेले पाहुणे हटकून एक शब्द वापरतात : ज्ञानमंदिर. हा शब्द त्यांच्या तोंडून सहज निघतो, कारण मंदिराच्या पायरीवर त्यांना कधी कुणी अडवलेले नसते. आमच्या माणसांनी १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू केला, तो वर्षानुवर्षे चालवला, आणि ते दार त्यांच्यासाठी उघडले नाही. तेव्हा ग्रंथालयाला मंदिर म्हटले की आमच्या मनात पहिला प्रश्न येतो तो दाराचा. दार कुठे आहे? ते किती वाजता उघडते? दाराशी कोण बसले आहे आणि आत येणाऱ्याला तो काय विचारतो?

हे प्रश्न आज पुन्हा विचारण्याचे कारण असे की, ग्रंथालयांच्या नियोजनात एक नमुना जगभर रूढ झाला आहे. वस्त्यावस्त्यांतली लहान, जुनी, गळकी वाचनालये मिटवायची आणि त्यांच्या बदल्यात हमरस्त्यावर एक मोठी अद्ययावत शाखा उभारायची. खर्च एकवटतो, पुस्तके एकवटतात, कर्मचारी एकवटतात. कागदावर हा हिशेब बिनचूक दिसतो. त्याला विरोध करणारा माणूस जुनाट ठरतो, आणि परिवर्तनाची भाषा बोलणाऱ्या आमच्यासारख्यांना तर जुनाट म्हणवून घेणे परवडत नाही. म्हणून अशा योजनेविषयी आपण बहुधा गप्प बसतो. प्रस्तुत लेखात हे मौन मोडावयाचे आहे.

मी ज्या वाचनालयात वाढलो ती एक खोली होती. पुढे विहार, मागे नाला. दोन लोखंडी कपाटे, एक लांब मेज, दोन बाके, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि मेजाला सुतळीने बांधलेली वर्तमानपत्रे. संध्याकाळी सहा ते नऊ दार उघडे असे. ते उघडणारा माणूस दिवसा कारखान्यात राबत असे. त्याने मला कधी ओळखपत्र विचारले नाही, कारण तो माझ्या आईला ओळखत होता. पुस्तके फार नव्हती; होती ती पुन्हा पुन्हा वाचली. पण त्या खोलीने मला पुस्तकांच्याही आधी जे दिले ते म्हणजे उजेड आणि बसायला जागा. ज्याच्या घरात एका खोलीत सात माणसे झोपतात त्यालाच या दोन गोष्टींची किंमत कळेल.

पुढे ती खोली रस्तारुंदीत गेली. आसपासची आणखी दोन वाचनालये तिच्याबरोबर मिटली. त्यांच्या जागी एक मोठी शाखा होणार असे सांगितले गेले आणि काही वर्षांनी ती झालीही. वाहत्या हमरस्त्याच्या पलीकडे. मी तिथे गेलो आहे. पुस्तके पुष्कळ आहेत, पंखे आहेत, स्वच्छतागृह आहे. हे सारे चांगलेच आहे आणि त्याला नावे ठेवण्याचा करंटेपणा मी करणार नाही. मात्र आमच्या गल्लीतले एकही पोर मला तिथे दिसले नाही.

आपण साहित्याची समीक्षा करतो तेव्हा कथेत कोण येतो आणि कोण येत नाही हे पाहतो. आराखडा हेही एक लेखनच आहे. त्यातही एक नायक असतो. त्याचे नाव ‘वाचक’ असे असते. हा वाचक कोणत्या घरातून निघतो, त्याच्या हाती किती वेळ आहे, त्याच्या खिशात अनामत रक्कम आहे काय, हे आराखडा बोलून दाखवत नाही. पण गृहीत धरतो. ती गृहीते तपासणे हे समीक्षेचे काम आहे.

२

‘सर्वांसाठी खुले’ या शब्दांचा अर्थ आम्हाला महाडने शिकवला आहे. मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशातून बांधलेली वा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले चवदार तळे त्यानुसार खुले केले. म्हणजे त्या दिवसापासून तळे कायद्याने आमचे होते. प्रत्यक्षात त्याचे पाणी आमच्या ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, आणि त्यासाठी बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसांना तळ्यापर्यंत चालत जावे लागले, परत येताना डोकी फोडून घ्यावी लागली. ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये तीन वर्षे गेली. या तीन वर्षांत तळे ‘सर्वांसाठी खुले’ होतेच!

सार्वजनिक ग्रंथालयाच्या बाबतीत आज कुणी जात विचारत नाही असे सांगितले जाईल. आपण ते मान्य करून पुढे जाऊ. पण जात विचारण्याच्या पद्धती एकच नसतात. कायम पत्त्याचा पुरावा मागणे, जामीनदार मागणे, सदस्यत्वासाठी अनामत मागणे, पुस्तक फाटले तर दुप्पट दंड सांगणे, दुपारी दोन ते चार दार लावून घेणे, पायातली चप्पल आणि अंगातला सदरा न्याहाळणे : यातले काहीही घटनाबाह्य नाही. तरीही यातल्या प्रत्येक पायरीवर काही माणसे गळतात आणि शेवटी आत जी उरतात त्यांचे मोहल्ले, आडनावे आणि व्यवसाय साधारण एकाच प्रकारचे निघतात.

बाबासाहेबांना हे नेमके कळले होते. परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहणारा हा विद्यार्थी शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्याच्यावर पडली आणि त्याला पुस्तके मिळू लागली. मुंबईसारख्या शहरात एका बुद्धिमान मुलाला वाचण्यासाठी बागेतले बाक शोधावे लागले, ह्या घटनेकडे आपण चरित्रातला हृद्य प्रसंग म्हणून पाहतो. तिच्याकडे ग्रंथालयाच्या नियोजनावरील टीका म्हणून पाहावयास हवे. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या बरोबरीने वाचनालये, समाजकेंद्रे आणि अभ्यासवर्ग काढणे हे कलम घातले गेले, याचे मूळ मला त्या बाकावर दिसते. शाळेची फी भरली म्हणजे शिक्षण होत नाही. राहायला छप्पर आणि वाचायला मेज लागते. आमच्या वस्त्यांतली वाचनालये या विचारातून जन्मली. सरकारने दिली म्हणून ती आलेली नाहीत. वर्गणी काढून, जयंतीच्या जमाखर्चातून चार पैसे बाजूला ठेवून ती उभी राहिली आहेत.

३

जुनी ग्रंथालये मिटवून नवी शाखा उभारण्याचे जे प्रयोग झाले त्यांतला सर्वांत गाजलेला प्रयोग लंडनच्या पूर्व भागात, टॉवर हॅम्लेट्स या विभागात झाला. तो आपण नीट समजून घेतला पाहिजे, कारण तो वाईट हेतूने झालेला नाही आणि त्यातले यशही खोटे नाही.

पूर्व लंडन ही गोदीकामगारांची, शिंप्यांची आणि निर्वासितांची वस्ती. तिथल्या व्हाइटचॅपल रस्त्यावर १८९२ साली एक सार्वजनिक ग्रंथालय उघडले. वृत्तपत्रमालक पासमोर एडवर्ड्स यांनी इमारतीला पैसा दिला. सॅम्युअल बार्नेट हे तिथले पाद्री त्यामागे होते. झारच्या रशियातून दंगलींना कंटाळून पळालेले ज्यू त्या काळात या गल्ल्यांतून दाटीवाटीने राहत. त्यांची भाषा यिडिश, धंदा शिवणकामाचा, घरे अंधारी. त्यांच्या मुलांनी हे ग्रंथालय व्यापून टाकले. लोक त्याला ज्यू वस्तीचे विद्यापीठ म्हणू लागले. पहिल्या महायुद्धात मारला गेलेला कवी आयझॅक रोझेनबर्ग तिथला वाचक. इंग्रजीचा गंध नसताना लहानपणी लंडनमध्ये आलेला जेकब ब्रोनोव्स्की तिथे वाचून पुढे गणिती आणि विज्ञानलेखक झाला. नाटककार आर्नल्ड वेस्कर तिथलाच. ज्यू कुटुंबे हळूहळू दुसरीकडे गेली आणि त्याच खोल्यांतून सिल्हेटकडचे बांगलादेशी कामगार राहावयास आले. ग्रंथालयाच्या फळ्यांवर यिडिशच्या जागी बंगाली पुस्तके आली. ४ मे १९७८ रोजी याच परिसरात अल्ताब अली या तरुण कामगाराचा वंशद्वेषातून खून झाला. त्याच्या नावाचे उद्यान ग्रंथालयापासून हाकेच्या अंतरावर आहे. म्हणजे एकाच इमारतीने एकामागून एक आलेल्या दोन तिरस्कृत समाजांना जागा दिली होती.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या नगरप्रशासनाने पाहणी केली. विभागातले फार थोडे लोक ग्रंथालयांत जातात असे दिसले. का जात नाही, असे न जाणाऱ्यांना विचारले गेले. उत्तरे सरळ होती : बाजाराला जातो तिथे जवळ असावे, सुट्टीच्या दिवशी उघडे असावे, वेळा वाढवाव्यात. त्यावरून जुनी ग्रंथालये हळूहळू मिटवून सात नवी केंद्रे काढावयाची योजना ठरली. नावातून ‘ग्रंथालय’ हा शब्द काढून त्यांना ‘आयडिया स्टोअर’ म्हटले गेले. बो येथे २००२ साली पहिले केंद्र झाले, २००४ साली क्रिस्प स्ट्रीटला, २००५ साली व्हाइटचॅपलला आणि २००६ साली कॅनरी वॉर्फला. वॉटनी मार्केटचे पाचवे केंद्र २०१३ साली झाले. व्हाइटचॅपलची नवी इमारत डेव्हिड अ‍ॅडजाये या आफ्रिकी वंशाच्या वास्तुरचनाकाराची. रस्त्यावरच्या बाजाराच्या रंगीत छतांची आठवण देणाऱ्या निळ्या-हिरव्या काचांची ही पाच मजली इमारत, तीत पुस्तके, प्रौढांचे वर्ग, संगणक, उपाहारगृह. आठवड्याचे सातही दिवस ती उघडी ठेवण्यात आली. येणाऱ्यांची संख्या जुन्या ग्रंथालयांच्या मानाने कितीतरी वाढली.

या योजनेचे श्रेय तिला दिले पाहिजे. न येणाऱ्या माणसाला तिने प्रश्न विचारला. आपल्याकडच्या कुठल्या आराखड्याने हे केले आहे? पिशवी घेऊन बाजाराला निघालेली बुरख्यातली बाई जाता जाता आत शिरू शकेल, अशी जागा तिने निवडली. रविवारी दार उघडे ठेवले. ‘जवळ’ या शब्दाचा अर्थ घरापासूनचे अंतर एवढाच न घेता माणसाच्या रोजच्या पायवाटेवरचे ठिकाण असा घेतला. हे तिच्यापासून शिकण्यासारखे आहे.

परंतु जमेच्या बाजूला जे नोंदवले गेले त्याबरोबर खर्चाची बाजूही वाचली पाहिजे. सात केंद्रे सांगितली गेली आणि २०१३ पर्यंत पाच झाली. लाइमहाउस येथील १९०१ चे ग्रंथालय नवी केंद्रे पुरी होण्याआधीच बंद पडले आणि त्या ठिकाणी नवे केंद्र आले नाही. जे बंद होते ते निश्चित असते. जे उघडणार असते ते अंदाजपत्रकावर अवलंबून असते. जिथे गरिबांच्या संस्थांचा प्रश्न असतो तिथे हा क्रम नेहमी असाच का असतो, हे विचारावयास हवे. दुसरे असे की व्हाइटचॅपलचे जुने ग्रंथालय २००५ साली बंद झाल्यावर त्याची इमारत शेजारच्या कलादालनात सामील केली गेली आणि २००९ साली ती चित्रे पाहण्यासाठी पुन्हा उघडली. कलादालन मोफत आहे, चांगले आहे. पण जिथे शिंप्याचा पोर हिवाळ्यात ऊब शोधत येऊन वाचत बसला, त्या खोलीत आता तो प्रेक्षक म्हणून येऊ शकतो. मेजावर कोपर टेकून तीन तास बसण्याचा त्याचा हक्क तिथून उठला. तिसरे म्हणजे ‘स्टोअर’ हा शब्द. दुकान म्हटले की माणूस गिऱ्हाईक होतो. गिऱ्हाइकाला निवड असते, हक्क नसतो. नागरिक ग्रंथालयात शिरतो तेव्हा तो कराच्या रूपाने आधीच दिलेले मागत असतो. हा भेद पुसला गेला की उद्या गिऱ्हाइके कमी झाली म्हणून दुकान बंद करणे अगदी स्वाभाविक वाटू लागते.

त्याच पूर्व लंडनमधली आणखी एक गोष्ट मला या साऱ्यापेक्षा मोलाची वाटते. १९४० च्या बाँबहल्ल्यात बेथनल ग्रीनचे ग्रंथालय उद्ध्वस्त झाले, तेव्हा तिथल्या ग्रंथपालांनी भुयारी रेल्वेच्या स्थानकात, जिथे माणसे आसऱ्याला रात्री काढत होती तिथे, ग्रंथालय उघडले. इमारत नव्हतीच, माणसे कुठे आहेत एवढेच त्यांनी पाहिले. नियोजनाचा आरंभ इथून व्हावयास हवा.

४

इथे एक आक्षेप आपल्यातूनच येईल आणि तो टाळता येणार नाही. वस्तीतले वाचनालय टिकवा असे म्हणणे म्हणजे अखेर महारवाड्याची वेगळी विहीर टिकवा असे म्हणणे नाही काय? महाडला वेगळे तळे मागितले नव्हते. सार्वजनिक तळ्यावरचा हक्क मागितला होता. मग हमरस्त्यावरच्या, सर्व समाजांच्या शाखेत आमची पोरे गेली पाहिजेत असा आग्रह धरावयाचा, की आमचे आमच्याजवळ राहू द्या असे म्हणावयाचे?

हा पेच अमेरिकेतल्या काळ्या माणसाने आपल्या आधी भोगला. कार्नेगीच्या देणगीतून अटलांटा शहरात १९०२ साली सार्वजनिक ग्रंथालय उघडले, पण काळ्यांना तिथे प्रवेश नव्हता. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस आणि त्यांचे सहकारी विश्वस्तांपुढे गेले आणि सर्वांच्या करातून चालणारी संस्था एका वंशासाठी कशी राखून ठेवता, असे त्यांनी विचारले. त्यांना प्रवेश मिळाला नाही. काळ्यांसाठी वेगळी शाखा ऑबर्न अ‍ॅव्हेन्यूवर निघाली ती १९२१ साली. ती अपमानाचीच खूण होती. परंतु त्या शाखेत १९३४ पासून काळ्यांच्या इतिहासाचा वेगळा ग्रंथसंग्रह उभा राहिला. मुख्य ग्रंथालयाने जे कधी जमवले नसते ते तिथे जमले. १९५९ साली अटलांटाचे मुख्य ग्रंथालय सर्वांना खुले झाले आणि त्याच सुमारास ऑबर्नची शाखा बंद झाली. लढा जिंकला आणि घर गेले! मात्र तो संग्रह रद्दीत गेला नाही. तो एका शाखेतून दुसरीकडे असा जपला गेला आणि १९९४ साली त्याच ऑबर्न अ‍ॅव्हेन्यूवर उघडलेल्या संशोधन ग्रंथालयाचा पाया झाला.

यातून मी असा निष्कर्ष काढतो की वेगळेपणा लादलेला असला तरी त्या वेगळेपणात माणसांनी जे उभारले ते लादणाऱ्याच्या मालकीचे नसते. विहीर वेगळी होती हे दूषण. तिला लागलेले पाणी आमच्या श्रमाचे. सर्वांच्या ग्रंथालयावर आमचा पूर्ण हक्क आहे आणि तो घेतलाच पाहिजे. तो देताना वस्तीतले दार लावून घ्या अशी अट मात्र कुणी घालू नये. ज्या उच्चभ्रू वसाहतीत मोठे ग्रंथालय आहे तिथल्या माणसाला घरातली पुस्तकांची कपाटे मोडा असे आपण सांगत नाही. वस्तीचे वाचनालय हे घरात कपाट नसलेल्यांचे सामायिक कपाट आहे.

५

आता आपल्या राज्याकडे वळू. ग्रंथालयाचा पहिला कायदा या देशात कुठे झाला असे विचारले तर उत्तर कोल्हापूर असे आहे. करवीर संस्थानाने तो १९४५ साली केला. त्याच्याही आधी बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला आणवून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणले. गावोगाव फिरत्या ग्रंथपेट्या पाठवल्या. (याच बडोद्यात १९१७ साली उच्च पदवी घेऊन आलेल्या आंबेडकरांना राहावयास खोली मिळाली नाही, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे. ग्रंथ गावोगाव पोहोचले म्हणजे माणुसकी पोहोचतेच असे नाही.) मद्रासने १९४८ साली रंगनाथन यांच्या पुढाकाराने कायदा केला आणि मालमत्ता करावर ग्रंथालयासाठी अधिभार बसवला. म्हणजे ग्रंथालय हा दानधर्म राहिला नाही, करदात्याचा हक्क झाला.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यात असा कर नाही. आपल्याकडची बहुसंख्य सार्वजनिक ग्रंथालये शासन चालवत नाही. नोंदणीकृत संस्था चालवतात आणि शासन त्यांना अनुदान देते. अनुदानासाठी ग्रंथालयांचे चार वर्ग केले आहेत : अ, ब, क आणि ड. ग्रंथसंख्या, वर्गणीदार सभासद, नियतकालिके, कर्मचारी आणि इमारत पाहून वर्ग ठरतो आणि वर्गाप्रमाणे पैसा मिळतो. चार वर्गांची ही उतरंड कुणी वाईट बुद्धीने रचली असे मी म्हणत नाही. पण तिचे चालणे पाहा. ज्याच्याकडे इमारत आहे त्याला अधिक अनुदान, अधिक अनुदानातून अधिक पुस्तके, अधिक पुस्तकांतून अधिक सभासद. पेठेतले शतायुषी ग्रंथालय वरच्या वर्गात आणि नाल्याकाठची खोली तळाच्या वर्गात, किंवा मान्यतेच्याही बाहेर, अवर्ण! जिथे गरज अधिक तिथे अनुदान अधिक, असा उलटा नियम करावयास काय हरकत आहे? आणि मग वीस वर्षांनी कुणी नियोजनकार येतो, त्या खोलीची गळकी कौले दाखवतो आणि ‘हे वाचनालय अक्षम आहे, ते मोठ्या शाखेत विलीन करा’ असे लिहितो. उपाशी ठेवलेल्याला अशक्त म्हणून कामावरून काढण्यासारखेच हे आहे.

रंगनाथन यांच्या प्रसिद्ध पाच सूत्रांतले एक वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात ते तालिकेच्या संदर्भात शिकवतात. मला ते अंतराच्या संदर्भात शिकवलेले पाहावयाचे आहे. धुणीभांडी करून सात वाजता परतणाऱ्या बाईचा वेळ, संध्याकाळी धाकट्या भावाला सांभाळणाऱ्या मुलीचा वेळ, रात्रपाळीच्या कामगाराचा वेळ वाचवावयाचा असेल तर दार गल्लीच्या तोंडाशी हवे. अंधार पडल्यावर हमरस्ता ओलांडून मुलीला पाठवावयास कुठली आई तयार होईल?

६

विलीनीकरणात आणखी एक हत्या होते, तिचा पंचनामाही होत नाही. जुन्या वाचनालयातली पुस्तके नव्या शाखेत नेताना छाननी होते. जीर्ण, जादा प्रतीचे, नोंदीत नसलेले साहित्य निर्लेखित केले जाते, म्हणजे रद्दीत जाते. या छाननीत सर्वांत आधी काय जाते? ज्याला पुठ्ठा नाही ते. कण्यावर नाव नाही ते. टाचणी मारलेले, सोळा पानी, बत्तीस पानी.

आता आमचे साहित्य कोणत्या रूपात जगले ते आठवा. जलशांची पुस्तिका, भीमगीतांची चोपडी, परिषदेचा अहवाल, जयंतीची स्मरणिका, वसतिगृहाचे हस्तलिखित, चार अंक निघून बंद पडलेले अनियतकालिक. ‘सोमवंशीय मित्र’ १९०८ चे, ‘मूकनायक’ १९२० चे, ‘बहिष्कृत भारत’ १९२७ चे, ‘जनता’ १९३० चे : या पत्रांचे अंक जपले ते मोठ्या ग्रंथालयांच्या आधी साध्या माणसांनी, पत्र्याच्या पेटीत आणि वाचनालयाच्या माळ्यावर. विद्यापीठांनी दलित साहित्यावर प्रबंध लिहवून घेतले तेव्हा संशोधक याच माळ्यांवर चढले. असा माळा असलेली खोली पाडताना तिथल्या कागदांची यादीही न करणे हे अज्ञान म्हणावे की आणखी काही?

तेव्हा नवी शाखा म्हणजे केवळ जागेचा बदल नाही. कोणती पुस्तके उरतील आणि पुढे कोणती घेतली जातील याचा तो निर्णय आहे. खरेदीची यादी कुठल्या तरी कार्यालयात तयार होते आणि एकाच छापाचे गठ्ठे जिल्हाभर उतरतात. वस्तीच्या वाचनालयात निदान एक रखवालदार, एक शिक्षक आणि दोन कॉलेजची पोरे बसून कोणते पुस्तक घ्यावे यावर भांडत असत. ते भांडण हीच आमची समीक्षेची पहिली शाळा होती.

७

मग नवी शाखा नकोच काय? हवी. मोठी हवी, उजेडाची हवी, सातही दिवस उघडी हवी. आमच्या पोरांनी गळक्या कौलाखालीच वाचावे असे म्हणणाऱ्याच्या हातात मी हात देणार नाही. गरिबीचे कौतुक हा सुखवस्तूंचा छंद आहे. माझे म्हणणे एवढेच की अशी शाखा आखताना पुढील कसोट्या लावाव्यात.

नवे दार उघडून, त्यातून माणसे आत-बाहेर करू लागल्यावाचून जुने दार लावू नये. अंतर नकाशावर मोजू नये. दहा वर्षांच्या मुलीला बरोबर घेऊन, संध्याकाळी, चालत मोजावे. शाखा दूरच असेल तर जुनी खोली अभ्यासिका आणि पुस्तकांची देवघेव करण्याचे ठिकाण म्हणून राहू द्यावी. शाखेतून पेट्या तिथे याव्यात, बडोद्यात हे शतकापूर्वी जमले होते. सदस्यत्वाला अनामत आणि जामीनदार नसावा. वस्तीतल्या शिक्षकाची ओळख पुरेशी मानावी. निवड समितीत जुन्या वाचनालयाचे वाचक असावेत. दार उघडणारा माणूस वस्तीतलाच असावा, आणि त्याला वेतन असावे. वर्षानुवर्षे फुकट राबलेल्या माणसाला नव्या इमारतीत परका करू नये. आणि हलवाहलवीपूर्वी प्रत्येक कागदाची, टाचणीच्या चोपडीचीही, यादी व्हावी.

ह्या मागण्या हवेत सोडून चालणार नाही. शहराच्या विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवण्याची तरतूद १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात आहे. वस्तीच्या वाचनालयाची जागा आराखड्यात ग्रंथालय म्हणून दाखवली आहे की रस्ता म्हणून, हे पाहावयास किती कार्यकर्ते जातात? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अनुदानाचे आणि निर्लेखनाचे कागद मागता येतात. विद्यार्थ्यांनी सुट्टीत एकेका वाचनालयाची यादी करावी. शिक्षकांनी ती तपासून द्यावी. पुतळ्यासाठी आपण रस्त्यावर येतो आणि ते योग्यच आहे. ज्याने पुस्तकांसाठी राजगृह बांधले त्याच्या नावाची खोली रस्तारुंदीत जाते तेव्हाही निदान दहा माणसे उभी राहिली पाहिजेत.

आमची ती खोली गेली. तिच्या जागेवरून आता वाहने जातात. दार उघडणारा तो गृहस्थ शेवटची काही वर्षे कपाटाची किल्ली खिशात ठेवून हिंडत असे. कपाट कुठे गेले हे त्याला कुणी सांगितले नव्हते. मोठ्या शाखेतल्या एखाद्या फळीवर त्या कपाटातली चार पुस्तके तरी असतील अशा आशेने मी एकदा तिथे शोधली. मला सापडली नाहीत. शोधताना माझ्या मनात आले की पुस्तके नसली तरी चालेल, पण रस्त्याअलीकडची पोरे इथवर आणावयास हवीत. त्या दिवसापासून मी आणि आणखी दोघे शिक्षक दर रविवारी गल्लीतली मुले घेऊन हमरस्ता ओलांडतो. पहिल्या रविवारी दाराशी आम्हाला विचारले गेले, सगळे एकाच ठिकाणचे का? आम्ही होय म्हणालो आणि आत गेलो.